सोडायचा मुहूर्त

१४ फेब्रुवारी २००३, पहाटे साडेपाच

चाळीस पाट्यांवर चाळीस पेन्सिली एकदम चालल्या की एक आवाज होतो. बाजरीच्या कणसांवर चिमण्यांचा थवा उतरावा तसा. शुद्धलेखन घालताना मी मुद्दाम मध्येच थांबायचो, तो ऐकायला. बत्तीस वर्षं ऐकला. निवृत्त झाल्यावर बंद झाला. आता आठवडाभर पहाटे पुन्हा ऐकू येतोय, अगदी उशाशी. हिला उठवून विचारलं. ही म्हणाली, कसला आवाज न्हाई, झोपा गुमान. साळुबाईला कवितेचं अंग नाहीच, चाळीस वर्षं संसार करून आलं नाही.

एक घोट घेतला की आवाज थांबतो. का ते कळत नाही.

काल आदेशचा पुण्याहून फोन. मुलासारखा बोलला नाही, हेडमास्तरांसारखा बोलला. म्हणे, दादा, तुमची बंद झाली तरच मे महिन्यात श्रेयाला पाठवतो. नाहीतर नाही, कायमचं नाही. एवढं सगळं दिवाळीतल्या एका प्रसंगावरून. लेण्याद्रीहून येताना जुन्नरच्या स्टँडवर नातीला बाकावर बसवलं आणि मी दहा मिनिटं चहाला गेलो. दहा मिनिटं!

श्रेया तिसरीत आहे. इंग्रजी शाळा. एक कविता चालीवर येत नाही पोरीला. मे महिन्यात वीस पाठ करून घेणार. त्यासाठी सोडावी लागली तर सोडू, त्यात काय. मी काही संपतसारखा नाही. संपत एसटीचा रिटायर्ड ड्रायव्हर, सकाळी दात घासायच्या आधी घेतो. माझा नियम सूर्यास्तानंतरचा. (पहाटेचा घोट आवाजासाठी असतो. तो यात धरायचा नाही.)

१५ फेब्रुवारी

कोणत्याही दिवशी सोडणं बरं नाही. दिवसाला वजन हवं. १९ तारखेला शिवजयंती. शिवनेरीच्या तालुक्यातल्या माणसाला याहून मोठा दिवस कोणता? ठरलं. संकल्पाचं काव्य भुजंगप्रयात वृत्तात सुरू केलं.

मनाने धरावा नवा ध्यास आता
सुटावी जुनी ती नकोशी मिठी ही

दोन चरण झाले. उरलेले दोन १९ च्या आत.

१९ फेब्रुवारी, रात्री आठ

संपतला संकल्प सांगितला. तो म्हणाला, गुरुजी, तुमी शिकलेली मानसं आन सरकारच्या तारखंवर चालता? खरी जयंती तिथीची. पंचांग काढलं. फाल्गुन वद्य तृतीया, २१ मार्च. संपत म्हणाला, अर्ध्या जयंतीला सोडली तर अर्धीच सुटंल, राव.

माणूस अडाणी आहे, पण मुद्दा बिनतोड. तिथी धरली. त्यानिमित्त थोडी घेतली. भुजंगप्रयाताच्या चरणात चार यगण असतात. मी दोन पेल्यांवर थांबलो, म्हणजे अर्धाच चरण.

२४ फेब्रुवारी

नव्या चपला पायात जाईनात. हल्ली माल खराब येतो. लेंग्याची नाडीही पुरत नाही. प्रकृती सुधारल्याचं लक्षण. पण हिने ऐकलं नाही, नारायणगावला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणजे आमचा सुदर्शन, गेणू सुताराचा. चौथीत माझ्या वर्गात होता, पाढे छान म्हणायचा. दवाखाना भरलेला. मला पाहून खुर्चीतून उठला, सगळ्यांसमोर वाकून पायावर डोकं ठेवलं. आणि उठेचना. मला भरून आलं. म्हटलं, असे विद्यार्थी आता कुठे? मग कळलं, तो माझा पाय बोटाने दाबून पाहत होता. बोट काढलं तरी खड्डा तसाच. खाली वाकूनच विचारलं, गुरुजी, हे कधीपासून आहे?

मग पोट ठोकून पाहिलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. रक्त तपासायला, सोनोग्राफी करायला सांगितली. शेवटी पुष्कळ वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसला. म्हणाला, गुरुजी, ते जरा... म्हणजे तुमच्यासमोर मी काय बोलणार... पण बघा, जमलं तर बंदच करा.

नोंद करून ठेवतो. 'जमलं तर' असे शब्द होते. जो डॉक्टर सक्तीने बंद करायला सांगतो, तो 'जमलं तर' म्हणत नाही.

५ मार्च

रिपोर्ट आले. बिलिरुबिन म्हणून काहीतरी असतं. लोकांचं एक असतं, माझं चार पॉइंट दोन. उलट प्रोटीन कमी. एका विषयात चौपट, एका विषयात नापास. सरासरी पास.

सोनोग्राफीत लिव्हर आकसलेलं आणि पोटात पाणी. सुदर्शनने हिला बाहेर व्हरांड्यात बोलावून काही सांगितलं. बसमध्ये ही खिडकीशी बसली. येडगावच्या धरणाचं पाणी दिसायला लागल्यावर तिकडेच बघत म्हणाली, डॉक्टर म्हनले, आता एक थेंब बी इख हाय.

मला तो असं काही म्हणालेला नाही. म्हणून हे ऐकीव.

१० मार्च

दुपारी मोटार चालू करायला विहिरीवर गेलो. परत आलो तर ही दारात उभी. अवं, म्हणाली, लाईट सकाळपासनं न्हाई. मोटार कशावर चालू केली, कवितेवर?

मी म्हटलं, स्टार्टर पुसायला गेलो होतो. ही म्हणाली, मंग रोज पुसा, लई चकाकला असंल.

मोटारीच्या खोलीत स्टार्टरच्या पेटीमागे जी बाटली आहे, ती २१ पर्यंत पुरेल इतकीच ठेवली आहे. हे नियोजन कुणाला दिसत नाही.

१८ मार्च, धुळवड

तीन दिवस उरले. जी गोष्ट सोडायची तिचा निरोप घ्यायला हवा की नको? घेतला. संपतकडे.

निरोप लांबला.

२१ मार्च, सकाळी ११

घेतली नाही. शिवनेरीच्या दिशेला तोंड करून हात जोडले. स्टार्टरमागची बाटली हिच्यासमोर विहिरीच्या कडेला ओतली. हिने पदर डोळ्याला लावला. संकल्पाचा तिसरा चरण सुचला.

दुपारी ३. ठीक. हात थोडे हलतात. वय.

संध्याकाळी ६. अंगाला घाम. उलट्या. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला तरी बशीत सांडला. ही म्हणाली, डॉक्टरला इचारून सोडायची व्हती. मी म्हणालो, शिवराय मोहिमेवर निघताना डॉक्टरला विचारत नव्हते.

तिसरा चरण विसरलो.

२३ मार्च

हजेरी घेतली. एकोणचाळीस हजर. खोलीत जागा नाही, काही कपाटावर बसलीत. उतरा म्हटलं तर उतरत नाहीत. भिंतीवर मुंग्या ओळीने शुद्धलेखन लिहितायत. ही म्हणते मुंग्या नाहीत. काना चुकला त्यांचा.

चाळिसावी गैरहजर. स्टँडवर राहिली.

३१ मार्च

आठ दिवसांनी वही हातात. अक्षर अजून वाकडं येतंय.

मला काही आठवत नाही. हिने सांगितलं ते असं. २३ ला दुपारी मी कपाटाशी बोलत होतो, मग घंटा झाली म्हणून उघडाच बाहेर पळालो. हिने आणि संपतने धरून जीपमध्ये घातलं. संपत नीट होता, म्हणून गाडी त्यानेच चालवली. सुदर्शनने चार दिवस पलंगाला हात बांधून ठेवलं, गोळ्या दिल्या, बी-वनची इंजेक्शनं दिली. सुई घालून पोटातलं पाणी काढलं. चार लिटर. कळशीभर नाही, पण चांगले चार तांबे.

सुदर्शन पलंगाशेजारी स्टुलावर बसला. या वेळी पेपरवेट नव्हता. म्हणाला, गुरुजी, इतकी वर्षं रोज घेणाऱ्याने घरी एकदम अशी तोडायची नसते. मेंदू बिथरतो. माणूस दगावतो. दवाखान्यात, औषधाखाली सोडायची. आता सुटलीय तर पुन्हा हात लावू नका. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात. एखादी फुटली आणि रक्ताची उलटी झाली तर मला तेवढा वेळ मिळणार नाही.

एकदम सोडणं घातक! डॉक्टर स्वतः म्हणाला. मला वाटतच होतं.

२ एप्रिल, गुढीपाडवा

गुढी हिने उभारली. मी खुर्चीतून सूचना दिल्या. कडुनिंबाची गोळी खाल्ली. नव्या वर्षात नवा माणूस. बारा दिवस झाले, त्यातले चार बांधलेले असले तरी दिवस ते दिवस.

पहाटे पेन्सिलींचा आवाज नाही. शांत. जरा जास्तच.

आदेशला फोन केला. बारा दिवस, म्हटलं. त्याने माझ्याकडून तारखा पुन्हा मोजून घेतल्या. मग म्हणाला, दादा, असंच राहू द्या. एक मेला रिझल्ट आहे, त्यानंतर येतो आम्ही. मागून श्रेयाचा आवाज आला. आजोबा आता बरे झाले का, असं विचारत होती. आजोबा बरेच होते, असं सांगणार होतो. फोन ठेवला गेला.

दिवाळीतलं ते दहा मिनिटांचं नसेल. फार तर तास झाला असेल.

११ एप्रिल

तपासणीला गेलो. सुदर्शनने बाकांवरच्या साऱ्या पेशंटांसमोर माझी ओळख करून दिली. म्हणाला, हे माझे गुरुजी. यांनी चाळीस वर्षांची दारू सोडली. ज्यांना सोडायची असेल त्यांनी यांच्याकडे बघा. लोक बघायला लागले. एका म्हातारीने नातवाला माझ्या पाया पडायला लावलं.

मी चार शब्द बोललो. मनोनिग्रह, वृत्तबद्धता, शिस्त. संकल्पाचे दोन चरण चालीवर म्हटले. टाळ्या. निवृत्तीच्या समारंभातही इतक्या पडल्या नव्हत्या.

बसमध्ये छाती भरून आली होती. असा दिवस साजरा कसा करतात, तेच आठवेना.

१२ एप्रिल

हौशीरामच्या आयुर्वेदिक दुकानात गेलो. अशक्तपणा वाटतो म्हटलं. त्याने द्राक्षासव दिलं. द्राक्ष हे फळ आहे. नारायणगावच्या सगळ्या बागा द्राक्षाच्याच. लेबलावर शक्तिवर्धक, भूक वाढवणारे असं लिहिलंय. हौशीराम म्हणाला, गुरुजी, दोन चमचे, जेवल्यावर.

चमचा केवढा, ते लेबलावर लिहिलेलं नाही. आमच्याकडे आमटीचा आहे.

१३ एप्रिल

भूक खरंच वाढली. आसव चांगलं.

१७ एप्रिल

हौशीराम म्हणाला, गुरुजी, पाच दिवसांत चौथी बाटली. ह्यात बी थोडं आसतं बरं का, आपोआप झालेलं. मी म्हटलं, तू दुकानदार, मी शिक्षक, व्याख्या मला सांगू नकोस. दारू वेगळी, औषध वेगळं. दोन्ही कडू असली म्हणून एक होत नाहीत. तो म्हणाला, मला काय, साळुआज्जीनं इचारलं तर मी खरं सांगनार.

पुढची बाटली आळेफाट्याला घेईन.

२२ एप्रिल

आळेफाट्याच्या दुकानात आसव संपलं होतं. पलीकडे परमिट रूम. एकदम तोडणं घातक, असं डॉक्टरचं मत आहेच. आसव एकदम तुटलं असतं. एक क्वार्टर, औषधाच्या प्रमाणात.

स्टार्टरमागे पुन्हा जागा केली. हे तात्पुरतं. श्रेया येईपर्यंत हात स्थिर ठेवायचा आहे, बस्स.

ही दोन दिवस विहिरीकडे बघते आणि काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१ मे

श्रेया पास. आदेशने फोनवर विचारलं, दादा, ठीक ना? मी म्हणालो, एक्केचाळीस दिवस झाले. (२१ मार्चपासून मोजले. एकूण दिवस तेवढेच आहेत.) ही शेजारी उभी होती. फोन मागितला तिने. मी ठेवून दिला.

नारायणगावहून खरी दगडी पाटी आणली. पेन्सिलींची डबी आणली. उद्यापासून आसवाचाही वास नको. उद्या, परवा, तेरवा, तीन दिवस कडक.

३ मे

उद्या येतात. म्हणजे कडक दिवस एकच उरला. एक दिवस कडक काढला तर पुन्हा मुंग्या येतील. डॉक्टरचं ऐकलं पाहिजे.

४ मे, दुपारी चार

गेली.

नीट लिहितो. सकाळच्या गाडीने आदेश आणि श्रेया आले. सूनबाई आरती आली नाही, तिला ड्यूटी होती म्हणे. मी पहाटेपासून काहीही घेतलं नव्हतं. शपथ. श्रेया उंच झालीय. पुढचा दात पडलाय. माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, आजोबा, तुमचे डोळे हळद लावल्यासारखे का आहेत? आदेश म्हणाला, श्रेया, आत जा.

ओट्यावर पाटी घेऊन बसलो. 'मनाने' लिहायला घेतलं. पेन्सिल 'म'च्या दांडीवरच नाचायला लागली. ती हसली. म्हणाली, आजोबा, तुम्ही गाडीत बसून लिहिताय का? मीही हसलो. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पेन्सिल मोडली.

म्हटलं, थांब, आजोबा मोटार बंद करून येतात. दोन चमचे. जास्त नाही. बरं, चार.

आलो तेव्हा हात असा स्थिर, जसा पंचवीस वर्षांचा असताना होता. दोन्ही चरण लिहिले. फळ्यावर लिहायचो तसं अक्षर. तिला चाल दिली. तिने म्हटली. पहिल्याच वेळी म्हटली! 'मनाने धरावा' म्हणताना पडलेल्या दातातून वारा जात होता. असा गळा आमच्या घराण्यात कुणाचाच नाही. मी टाळी देण्यासाठी हात पुढे केला.

ती मागे सरकली. म्हणाली, आजोबा, स्टँडवरच्या दिवशीसारखा वास येतोय. तुम्ही परत मला ठेवून जाणार का?

रागाने नाही. नुसतं विचारलं, हो म्हटलं असतं तर चप्पल घालून तयार राहिली असती अशा आवाजात.

आदेश दारात होता. पिशवी अजून उघडली नव्हती, तीच उचलली. साळुबाई म्हणाली, पोर घाबरलीया, मी जाते संगं, चार दिवसांनी येते. लुगड्यांचं बोचकं बांधून ठेवलेलं होतं तिचं. केव्हा बांधलं होतं, कुणास ठाऊक.

५ मे

भाकरी शेजारून आली. खाल्ली नाही.

दिवाळीचं एकदा लिहून ठेवतो. तासाचंही नव्हतं. गेलो तेव्हा ऊन होतं, आलो तेव्हा स्टँडवरचे दिवे लागलेले. कंट्रोलरने तिला आपल्या केबिनमध्ये खुर्चीवर बसवलं होतं, बिस्किटाचा पुडा दिला होता. ती रडत नव्हती. पुडा तसाच हातात धरून बसली होती. म्हणाली, आजोबा म्हणाले होते, इथून हलू नको, म्हणून मी बाथरूमलाही गेले नाही.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

सकाळी थुंकी जरा लाल होती. पान खाल्लं नव्हतं. हिरड्या असतील.

६ मे, संध्याकाळी सात

जे घडलं ते लगेच लिहितो, कारण ती दोघं अजून ओट्यावर बसली आहेत.

सहाच्या सुमारास पेला भरून समोर ठेवला होता. स्टीलचा. लपवायचं कुणापासून? घरात कुणी नाही. दार उघडंच. तेवढ्यात कडी वाजली. वाटलं, ही परत आली.

एक अनोळखी बाई. पस्तिशीची, पायांवर धूळ. पाठीमागे तिचा नवरा, भिंतीला धरून उभा. त्याचे हात मी पाहिले आणि माझे मागे घेतले. बाई म्हणाली, मी द्रौपदा, हे आमचं मालक, जानकू. घोडेगावाकडनं आलो, दोन गाड्या बदलून. नारायनगावचं डॉक्टर म्हनले, दवाखान्यात भरती व्हा, हे काय ऐकंनात. मंग डॉक्टर म्हनले, आमच्या गुरुजींनी सोडलीया, त्यास्नी भेटा, ते समजावतील. ह्यांच्या पोटात पानी झालंया, गुरुजी. दोन पोरी हायेत बारक्या.

एवढं एका दमात बोलली आणि उंबऱ्याच्या आत आली. पेला तिथेच. खोलीभर वास.

जानकूने आधी ओळखलं. त्याने खाली मान घातली, बायकोला काही बोलला नाही. मलाच सांभाळून घेत होता, असं वाटलं. मग तिने पेल्याकडे पाहिलं. म्हणाली, हे काय, गुरुजी?

मी म्हणालो, औषध.

ती म्हणाली, ह्यांचं बी असलंच असतंया औषध.

रडेल असं वाटलं. ओरडेल, असंही वाटलं. तिने पेला उचलला, मोरीत ओतला, घासला, माठातलं पाणी भरून नवऱ्याला दिलं. मग त्याच पेल्यातून मला. मी प्यालो. हात किती हलत होता ते दोघांनीही पाहिलं.

म्हणाली, शेवटची गाडी गेलीया, आता जानार कुठं आमी. ओट्यावर पडतो. सकाळी साडेसातच्या गाडीनं तुमास्नी बी घेऊन जाते डॉक्टरकडं. एक न्यायचा तिथं दोन न्यायचे, मला सारखंच. डॉक्टरला मीच सांगते, भरती करा दोघांस्नी, शेजारशेजारच्या खाटा द्या.

मग ओट्यावर गेली. जानकू मागे राहिला जरासा. हळूच म्हणाला, गुरुजी, लई तरास होतो का हो तिथं? मी म्हणालो, मुंग्या दिसतात. तो म्हणाला, मला बी दिसत्यात.

साडेसातची गाडी. मी काही ठरवलेलं नाही.